11 जूनचा खड्डा

इंदूरची गेर, म्हणजे रंगपंचमीची रंगांची मिरवणूक, होऊन आठवडा झाला, कानामागचा हिरवा रंग अजून निघालेला नाही, आणि आमच्या घरात मात्र 11 जून 2026 उजाडलेला आहे. त्या दिवशी माझ्या खात्यात उणे 6,340 रुपये असणार आहेत. असं आमच्या कॉम्प्युटरचं म्हणणं आहे.

चूक चिरंजीवांची. ते होळीला बंगळुरूहून आले आणि माझी हिशेबाची डायरी चाळून हसले. तीस वर्षं मी रोज रात्री जेवण झाल्यावर दिवसभराचा खर्च लिहितो. "बाबा, ही शोकसभा आहे," तो म्हणाला. "गेलेल्यांची नावं वाचून काय होणार? जाणार कोण आहे ते बघा ना."

मग त्यानं एक सॉफ्टवेअर टाकून दिलं. आजची शिल्लक भरायची, पुढे काय येणार, काय जाणार आणि कधी, ते सांगायचं. की ते दोन वर्षांपर्यंत प्रत्येक दिवसाची शिल्लक मांडून दाखवतं. मधेच रेघ शून्याखाली गेली तर लाल होते. आणि मुख्य म्हणजे सगळं खासगी. इंटरनेट लागत नाही, बँकेचं खातं जोडायचं नाही, फाइल आपल्याच डिस्कवर आणि तिला पासवर्डचं कुलूप. पासवर्ड विसरलात तर बनवणाऱ्यालाही उघडता येत नाही. हे मला फार पटलं, कारण गेल्या वर्षी मोबाइलवर असंच एक ॲप घेतलं, त्याला मेसेज वाचायची परवानगी दिली आणि दुसऱ्या दिवसापासून "सर, लोन चाहिए क्या" म्हणणाऱ्या गोड आवाजांनी माझी दुपारची झोप नासली.

पासवर्ड विसरायला नको म्हणून मी तो स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांशेजारी लिहून ठेवला. आणि आमचा डेस्कटॉप दिवाणखान्यात आहे, टीव्ही आणि देव्हारा यांच्या बरोबर मधे. या दोन गोष्टींचा खासगीपणाशी काही संबंध असेल असं तेव्हा बापलेकांपैकी कोणालाच वाटलं नाही.

भरायला तीन संध्याकाळी लागल्या. दूध, बाई, सिलिंडर, निगमचा मालमत्ता कर, विम्याचे हप्ते, गाडीचा विमा. जमेत पगार, मुदतठेवीचं व्याज आणि (हिच्या आग्रहाखातर) रद्दी. इथपर्यंत यंत्र शहाण्यासारखं वागलं. मग दिवाळी आली. मी 'दरवर्षी' वर टिचकी मारली आणि त्यानं गेल्या वर्षीसारखी ऑक्टोबरातच दिवाळी करून टाकली. यंदा लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला. म्हणजे यंत्राच्या हिशेबानं आम्ही बोनस यायच्या आधीच फराळ करून, फटाके उडवून मोकळे.

"अहो, यंदा धोंडा आहे ना," ही कणीक मळता मळता म्हणाली. "म्हणून पुढे गेली दिवाळी."

धोंडा! आणि मुलीचं लग्न गेल्या डिसेंबरातलं. म्हणजे जावयाचा पहिला अधिक महिना. तेहतीस अनारसे, ते ठेवायला चांदीचं ताट, वर निरांजन, दोघांना कपडे, शिवाय पुण्याहून येण्याजाण्याची तिकिटं. मी ही बाब नेमून टाकू म्हणून यंत्रात शोधलं. दर आठवड्याला, दर महिन्याला, दर तिमाहीला, सगळं होतं, धोंडा नव्हता. 'दर इतक्या महिन्यांनी' अशी एक चौकट सापडली. अधिक महिना साधारण तेहतीस महिन्यांनी येतो, तेवढं मला ठाऊक होतं. 2023 चा अधिक श्रावण 18 जुलैला लागला होता. त्यात तेहतीस मिळवले. यंत्र म्हणालं, 18 एप्रिल. पंचांग म्हणालं, 17 मे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा दिवसांनी तोकडं पडतं, ते साचलेलं उसनं फेडायला हा जादा महिना घालतात, आणि तो काही आपल्या चौकटीला विचारून येत नाही. शेवटी मी तो हातानंच घातला. मुलगी-जावई 10 जूनला येणार. विम्याचा हप्ता 5 जूनला, गाडीचा 9 ला. एंटर दाबलं आणि 11 जूनला रेघ विहिरीत उतरावी तशी खाली गेली.

ताटाचा नक्की भाव कळावा म्हणून आम्ही सराफ्यात गेलो. हीही चूकच. सराफ्यात दिवसा चांदी मिळते आणि रात्री त्याच पेढ्यांच्या ओट्यांवर भुट्ट्याचा कीस. आम्ही अशा वेळी पोचलो की दुकानांची शटरं खाली येत होती आणि कढया वर चढत होत्या. ताट राहिलं. कीस, दहीवडा, जिलबी आणि पुन्हा कीस झाला. घरी आल्यावर या खर्चाला कोणत्या खात्यात टाकावं यावर पाऊण तास गेला. ही म्हणाली, "धोंड्यात."

दुसऱ्या दिवशी रामबागेतून आत्या आली. देवाला नमस्कार केला, वळली आणि पडद्यावरची लाल रेघ पाहून मटकन बसली. "कुणाचा ईसीजी रे हा?"

"पैशांचा."

तिनं चष्मा पुसून नीट वाचलं. मी तिला समजावलं की हे अजून घडलेलं नाही. पण ज्या बाईनं आयुष्यभर पत्रिका जुळवल्या तिला 'अजून घडलेलं नाही' हा काही दिलासा नसतो. "11 जून," ती पुटपुटली. "वार कोणता? गुरुवार. तरीच." चहा न घेता गेली.

रात्री ग्वाल्हेरहून सासऱ्यांचा फोन. "जावईबापू, काही अडचण असेल तर मोकळेपणानं सांगा." मग पुण्याहून मुलीचा: "बाबा, आम्ही आलो नाही तरी चालेल." वरच्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी जिन्यात माझा हात हातात घेऊन काही न बोलता दाबला. खालचा किराणावाला म्हणाला, "भिया, टेंशन मत लो, जून में दे देना." मी त्याचं काहीही देणं लागत नव्हतो.

मी मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "पण बाबा, डेटा तर मशीनबाहेर गेलाच नाही!"

हिला मात्र काहीच वाटत नव्हतं. ती शांतपणे अनारशांसाठी तांदूळ किती लागतील ते मोजत होती. मी चिडलो. म्हटलं, घरात खर्चाचा नकाशा मांडलाय, प्रत्येक पैसा त्यात आला पाहिजे, तू महिन्याचे जे घेतेस त्यातलं उरतं किती तेही भरायचं आहे, सांग.

तिनं तांदळाचं माप खाली ठेवलं. "तुम्ही इंदूरचे ना?"

"म्हणजे?"

"होळकरांकडे हिशेब दोन असत. राज्याची दौलत वेगळी, राणीची खासगी वेगळी. 1734 मध्ये पेशव्यांनी मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंना खासगी दिली, पुढे ती त्यांच्या सुनेकडे, अहिल्याबाईंकडे आली. त्यातून घाट बांधले, देवळं बांधली. दौलतीचा दिवाण तिथे डोकावत नसे. तुमच्या त्या कॉम्प्युटरात आहे ती दौलत."

"आणि खासगी?"

"ती आहे तिथे आहे."

मी डाळीच्या डब्यांच्या फळीकडे पाहिलं. तिनं मी पाहिलेलं पाहिलं.

"बरं, 11 जूनचं काय?"

"पडू दे खड्डा. बुजवू."

"पण उणे सहा हजार तीनशे चाळीस! तुझ्याकडे आहेत किती?"

"अहो," ती म्हणाली, "ते खासगी आहे."