बांधकाम खात्याचा प्रश्न

आज एका विद्यार्थिनीच्या पीएच.डी. प्रबंधाचे पूर्वसादरीकरण ऐकून घरी आले, त्याला आता पाच तास झाले, तरी माझा राग उतरलेला नाही. आदिवासी मातांच्या गरोदरपणापासून बाळंतपणानंतरच्या दीड महिन्यापर्यंत गावानेच चालवलेले आरोग्य कार्यक्रम, हा तिचा विषय. मुलगी स्वतः माडिया या आदिवासी समाजातली आहे. गावातल्या बायकांच्या मासिक बैठकांत ती दोन वर्षे बसली आणि संशोधनात कोणते प्रश्न घ्यायचे, हे तिने त्या बायकांनाच ठरवू दिले. त्यांनी पहिला प्रश्न असा ठरवला : पावसाळ्यात नाला भरला की कळा सुरू झालेल्या बाईला पलीकडे कसे न्यायचे, आणि मागे घरी राहिलेल्या लेकरांना कोणी बघायचे?

समितीतल्या एका तज्ज्ञांनी प्रबंधातले या प्रश्नाचे प्रकरण चाळले आणि म्हणाले, "हा आरोग्याचा प्रश्न नाही, बांधकाम खात्याचा प्रश्न आहे. हे प्रकरण वगळा."

हे वाक्य मला इतके का झोंबले, ते सांगते. वीस-एक वर्षांपूर्वी गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात मी एका सर्वेक्षणाचे अर्ज भरत फिरत होते. 'प्रसूतीचे ठिकाण' या प्रश्नापुढे घर, उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, खासगी दवाखाना आणि इतर असे पाच पर्याय छापलेले होते. एका घरी अंगणात बाजेवर एक बाळंतीण बसली होती. मला माडिया येत नव्हती, म्हणून तिची नणंद माझे प्रश्न तिला सांगत होती आणि तिची उत्तरे मला. बाळंतीण म्हणाली, "नाल्याच्या अलीकडे." खाटेला बांबू बांधून चौघांनी तिला नाल्यापर्यंत नेले होते, पाणी उतरायची वाट पाहत ते थांबले, आणि तिथेच मोहाच्या झाडाखाली सासूने तिला मोकळे केले. मी पाचवा पर्याय लिहिला. 'इतर'. सासू माझ्या पेनाकडे बघत होती. तिने काहीतरी विचारले आणि नणंदेने ते मराठीत सांगितले : "तुमच्या कागदात नाला नाही का, बाई?"

नव्हता. माझ्या कागदात नाला नव्हता.

'लोकसहभाग', 'समुदायाचे नेतृत्व' हे शब्द हल्ली प्रत्येक प्रबंधाच्या मुखपृष्ठावर असतात. तुम्ही सगळे हे जाणताच. पण त्या नेतृत्वाने विद्यापीठाला न सोसणारे काही म्हटले, की त्याला लगेच विषयाची मर्यादा दाखवली जाते. गडचिरोलीतच डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. दहा श्वास मोजले की एक मणी सरकवायचा, अशा साध्या साधनाने तिथल्या निरक्षर दाईसुद्धा न्यूमोनिया ओळखायला शिकल्या. थोड्या शिकलेल्या गावातल्याच बायका आरोग्यदूत झाल्या, बाळांची वजने करू लागल्या, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही देऊ लागल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात, त्याचे मूळ या गावांत आहे. तुलनेसाठी घेतलेली, हे काम नसलेली गावे आणि काटेकोर नोंदी नसत्या तर हे कोणी मानले नसते, हे मी मान्य करते. मोजमाप हवेच. पण त्या नोंदी कोणी केल्या? गावानेच ना?

झारखंड आणि ओडिशातले 'एकजूट' या संस्थेचे काम तर याहून थेट बोलते. २००५ ते २००८ या काळात हो, मुंडा, उराव आणि इतर समाजांच्या बायका महिन्याला एकदा जमत, चित्रे आणि गोष्टींच्या आधाराने आपल्या अडचणी मांडत, त्यांतल्या आधी कोणत्या हाती घ्यायच्या ते ठरवत आणि उपायही स्वतःच करत. शेवटच्या दोन वर्षांत तिथले नवजात मृत्यू अशा बैठका नसलेल्या भागांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी होते. प्रश्न बायकांनी ठरवणे, हेच त्या कार्यक्रमातले औषध होते. मग तेच प्रकरण वगळायला सांगणे म्हणजे औषधाच्या अभ्यासातून औषधच काढून टाकायला सांगणे झाले!

लेकरांच्या प्रश्नाला कोणी घरगुती रडगाणे समजू नये. कॅनडात हडसन उपसागराकाठच्या इनुइट बायकांना प्रसूतीच्या कित्येक आठवडे आधी विमानाने दूर दक्षिणेकडच्या शहरांत नेत असत, आणि त्यांची बाकीची मुले मागे गावात राहत. या ताटातुटीला कंटाळून तिथल्या लोकांनी लढून १९८६ मध्ये पुविर्निटुक गावात स्वतःचे प्रसूतिगृह मिळवले आणि गावातल्याच बायकांना सुईणपणाचे शिक्षण दिले. आपल्याकडे गरोदर बायकांना बाळंतपणाआधी येऊन राहता यावे म्हणून आरोग्य केंद्राशेजारी माहेरघरे आहेत, चांगली कल्पना आहे, मी तिच्या विरोधात नाही. पण जिच्या घरी तीन लेकरे आहेत आणि भाताच्या रोवणीचे दिवस आहेत, ती बाई तिथे आठ दिवस आधी जाऊन का राहत नाही, हे त्या वगळायच्या प्रकरणातच लिहिलेले आहे. पान उलटले असते तर दिसले असते.

इथवर लिहिल्यावर वाटते, त्या तज्ज्ञांवर मी जरा जास्तच चिडले. त्यांनी बाकीचा प्रबंध बारकाईने वाचला होता, तिच्या तक्त्यातली एक खरी चूक दाखवली आणि आवाजही चढवला नाही. तेही बहुधा त्याच पाच पर्यायांच्या कागदावर शिकले असतील. मी तरी कुठे वेगळी होते? त्या अंगणात सासूने विचारल्यावर मी समासात 'नाला' एवढा एक शब्द लिहू शकले असते. लिहिला नाही. संध्याकाळ होत आली होती आणि अजून चार घरे उरली होती.

मघाशी त्या मुलीचा फोन आला होता. रडली असेल असे मला वाटले होते, पण तिचा आवाज शांत होता. प्रकरण ती काढणार नाही, लेखी उत्तर देणार आहे. त्याआधी रविवारच्या बैठकीत ते सगळे माडियात सांगून बायकांना विचारणार आहे, की हे वगळायला सांगतात, तुमचे काय म्हणणे? तिने मलाही बोलावले आहे. पाऊस लागायच्या आत पोहोचा म्हणाली, नाहीतर नाल्याच्या अलीकडेच अडकाल.

शनिवारच्या बसने निघते आहे.