बाकावर कोण बसणार?

हॉकी इंडिया लीगमधल्या संघानं मुख्य प्रशिक्षक परदेशीच आणावा, हे तुमच्या लेखातलं मत पटलं नाही. परदेशी नकोच असं माझं म्हणणं नाही. ऑस्ट्रेलियाचे ग्रॅहम रीड भारतीय पुरुष संघाचे प्रशिक्षक असतानाच आपण टोकियोत 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक घेतलं. पण 2023 चा विश्वचषक हातचा गेला आणि ते पायउतार झाले. एवढ्या उतावीळपणानं कुठलाच प्रशिक्षक टिकणार नाही.

लीगमध्ये तर संघ बांधायलाच वेळ नसतो. सामना म्हणजे पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव, मध्यंतर सोडलं तर मध्ये दोन-दोन मिनिटांची उसंत. तेवढ्यात ओडिशातल्या सुंदरगडच्या पोराला, पंजाबच्या बचावपटूला आणि बेल्जियमच्या मिडफिल्डरला एकच गोष्ट नेमकी कळली पाहिजे. खेळाडू बदलण्यावर बंधन नाही, त्यामुळे कुणाचे पाय जड झालेत हे बाकावरून ओळखणं हीच खरी कसोटी.

आमच्या नांदेडला गुरु गोबिंदसिंघजी गोल्ड अँड सिल्व्हर कप ही हॉकी स्पर्धा भरते, देशभरातून संघ येतात. तिथं एक प्रशिक्षक बघितले होते. बदली खेळाडूला आत सोडण्याआधी त्याच्या खांद्यावर हात ठेवून समोरचा फुलबॅक डावीकडं वळताना कुठं अडखळतो ते दाखवत होते. ओरडणं नाही, काही नाही.

आपल्याच हरेंद्र सिंग यांनी प्रशिक्षक म्हणून 2016 मध्ये लखनौला ज्युनियर विश्वचषक जिंकून दिलाच ना? मुख्य पद अशा जाणत्या माणसाला द्या. पेनल्टी कॉर्नरसाठी परदेशी तज्ज्ञ खुशाल आणा, आणि निदान तीन हंगामांचा करार करा.