१०१ ला फोन केला तर बिल येत नाही, आत्या

गेल्या महिन्यात आत्याच्या मजल्यावरच्या मीटरच्या पेटीतून धूर यायला लागला. आत्याने शेजाऱ्यांची दारं वाजवली, वॉचमनला वाळूची बादली आणायला पिटाळलं आणि वीस मिनिटं तशीच काढली. फोन हातातच होता. १०१ ला का नाही लावलास म्हटलं, तर म्हणाली, "अरे, दहा-बारा हजारांचं बिल धाडतात म्हणे. ग्रुपवर आलं होतं."

ग्रुपवर आलेलं ते मीही वाचलं होतं. "फायर ब्रिगेडचं कटू सत्य", शेवटी 'जास्तीत जास्त शेअर करा'. त्यात लिहिलंय की हे लोक दिवसभर कॅरम खेळून फुकटचा पगार घेतात. आग विझवली की बिल पाठवतात, म्हणून आधी स्वतः विझवून बघा. साहेब लोक एसीत बसतात, मरतो तो साधा फायरमन. १९४४ च्या गोदीतल्या स्फोटात गेलेले जवान सोनं लुटायला धावले होते. आणि येतात तेही नेहमी उशिरा. माझे वडील मुंबई अग्निशमन दलातून रिटायर झाले, माझं लहानपण स्टेशनाच्या वरच्या क्वार्टर्समध्ये गेलं. त्यामुळे मी तटस्थ आहे असं कुणी समजू नये.

आधी बिलाचं, कारण यात माणूस जाऊ शकतो. मुंबईत आग विझवायचे पैसे लागत नाहीत. तुमचं घर जळत असलं तरी नाही, तुमच्याच चुकीने जळत असलं तरी नाही. लग्नाच्या हॉलबाहेर किंवा कार्यक्रमाला बंब उभा करून हवा असेल, तर त्याचं शुल्क भरावं लागतं. कुणीतरी ती पावती पाहिली असणार आणि तिच्यातून हे पिल्लू निघालं असणार. आत्याकडे शेवटी खालच्या मजल्यावरच्या मुलाने फोन केला. बंब आला, जवानांनी आधी वीज तोडली, पेटी उघडली, पावडरने काम संपवलं. निघताना आत्याने खरंच पाकीट काढून विचारलं, किती झाले? त्यातल्या वयस्कर माणसाने पाण्याचा रिकामा ग्लास तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आणखी एक चालेल." पेटीतल्या वायरी तोवर वितळून एक काळा गोळा झाला होता. आणि तिथे कुणी बादलीभर पाणी फेकलं असतं तर? 'आधी स्वतः विझवा' लिहिणाऱ्याने विजेच्या पेटीवर पाणी मारून दाखवावं, मी लांबून बघतो.

आता कॅरम. खेळतात. आमच्या स्टेशनात बोर्ड होता, त्याची एक कड फुगलेली होती आणि सोंगटी तिथे गेली की हमखास भांडण व्हायचं. यात लपवण्यासारखं काही नाही. पण बोर्डापासून चार पावलांवर बंबाशेजारी गमबूट ओळीने उभे असायचे आणि पँट बुटांवरच खाली सरकवून ठेवलेली, म्हणजे पाय घातले की एकाच ओढीत दोन्ही अंगावर. घंटा झाली की सोंगट्या आहेत तशा राहायच्या. मेसमध्ये वरण उकळत असेल तर गॅस बंद करायचं काम ज्याची पाळी त्याचं. ताटावर ताट उपडं घालून सगळे पळायचे. वर्दी, म्हणजे आलेली आगीची खबर, मोठी असली तर ती ताटं रात्रभर तशीच. आम्ही पोरं वरून बघायचो आणि सकाळी बंब परत आला की उतरणारी डोकी मोजायचो. तसं करायला आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं.

हे एकत्र जेवणं, भांडणं, एकाने कांदे चिरायचे नि दुसऱ्याने त्याला नावं ठेवायची, हे सगळं नोकरीतच येतं. धुरात स्वतःचा हात दिसत नाही. पुढचा नोझल, म्हणजे पाण्याच्या पाइपचं तोंड, धरतो, मागचा त्याच्या पाठीला लागून पाइप ओढतो, आणि परतायची वाट म्हणजे तोच पाइप, हाताने चाचपत. पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा संपत आली की शिट्टी वाजते. बाबा सांगायचे की कुणाची शिट्टी लवकर वाजणार हे आधीच माहीत असायचं, कारण कोण भराभर श्वास घेतो ते जिने चढताना, व्हॉलीबॉल खेळताना रोज बघितलेलं असायचं. फुकटचा पगार म्हणे!

सोन्याचा मुद्दा वाचून मात्र डोकंच फिरलं. १४ एप्रिल १९४४. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, त्याच पोटात कापसाच्या गाठी, आणि हो, सोन्याच्या विटाही. दुपारी दोनच्या सुमारास आगीचा गलका झाला. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, तरी धुरात आगीचं मूळ सापडेना आणि जहाजावरचं पाणी उकळायला लागलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम निघाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. सोनं उडून शहरावर पडलं ते स्फोटामुळे. म्हणजे लुटायला धावायचं तर आधी स्फोट व्हायला हवा, आणि ही माणसं त्याच्या आधीपासून त्या जहाजावर पाणी मारत होती. दलाचे ६६ जवान गेले. त्यांचं स्मारक भायखळ्याच्या मुख्यालयात आहे, देशभर अग्निशमन सेवा दिन १४ एप्रिलला असतो तो त्यांच्यामुळे. फॉरवर्ड करणाऱ्याने एकदा भायखळ्याला उतरावं, स्टेशनपासून लांब नाही.

साहेब एसीत? ९ मे २०१५, काळबादेवीच्या गोकुळ निवासची आग. इमारत कोसळली तेव्हा आत कोण होतं? संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी तिथेच मृत्युमुखी पडले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि खुद्द दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर भाजले, ते पुढच्या पंधरवड्यात हॉस्पिटलात वारले. एका आगीत चार, चारही अधिकारी. पुढे बोलत नाही.

राहिलं उशिराचं. होतो उशीर, कधीकधी फार होतो, आणि माणसं त्याने दगावलीही आहेत. इथे मी वाद घालणार नाही. आत्याकडे बंब गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटांत पोचला होता. पुढची सहा मिनिटं गेटसमोर आडव्या लावलेल्या एका पांढऱ्या गाडीचा मालक शोधण्यात गेली. मालक सापडला तो चौथ्या मजल्यावर. "फायर ब्रिगेडचं कटू सत्य" सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारे गृहस्थ तेच.