शेळ्या, हत्ती आणि रात्रीची लॅब : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

कॉलेजच्या लॅबमधले कॉम्प्युटर रात्री संशोधनाच्या कामाला लावावेत, या माझ्या लेखावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. शंभर शेळ्या एकत्र बांधल्या म्हणून हत्ती होत नाही, लाईटबिल कोण भरणार, आणि कुठल्याही मशीनवर निघालेल्या उत्तरावर विश्वास कसा ठेवायचा.

शेळ्या-हत्तीचं म्हणणं काही कामांपुरतं अगदी खरं आहे. मॉन्सूनच्या अंदाजात नकाशावरच्या एका चौकोनातली हवा शेजारच्या चौकोनावर अवलंबून असते, आकड्यांची देवाणघेवाण सतत चालते. तिथे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतला 'अर्का' हा महासंगणकच पाहिजे. पण सर्न या युरोपातल्या अणुकणांच्या प्रयोगशाळेत प्रोटॉनची एक टक्कर तपासायला दुसरीसाठी थांबावं लागत नाही. म्हणून तर ते काम ४० हून अधिक देशांतल्या सुमारे १७० केंद्रांत वाटलंय. मुंबईची टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) त्यातलीच एक.

आमच्याकडच्या एका विद्यार्थिनीला ६००० वेळा एकच प्रोग्राम चालवायचा होता, दरवेळी आकडे वेगळे. एका वेळेला २० मिनिटं. एकाच कॉम्प्युटरवर म्हणजे २००० तास, रात्रंदिवस चालवला तरी ८३ दिवस. लॅबमधले ४० कॉम्प्युटर रात्री दहा-दहा तास दिले की पाच रात्री. दुसऱ्या रात्री लाईट गेली, अकरा मशीन बंद पडली. त्यांच्यावरचं अर्धवट काम यादीत परत आलं आणि पुढच्या रात्री दुसरीकडे झालं. सहाव्या रात्री संपलं एवढंच. अशी वाटणी करणारं 'कॉन्डॉर' (आता 'एचटीकॉन्डॉर') हे सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८८ पासून घडतंय. मालकाने कीबोर्डला हात लावला की ते निमूट बाजूला होतं. ते उभं करणारे मिरॉन लिव्हनी सेकंदाचा वेग मोजत बसत नाहीत, वर्षभरात किती काम निघालं ते मोजा म्हणतात. मला ते मनापासून पटतं.

बिलाबद्दल मात्र तुमचं बरोबर आहे, ते मी लेखातच लिहायला हवं होतं. कॉम्प्युटरमागे जादा ५० वॅट धरले तर रात्रीला २० युनिट होतात, पाच रात्रींचे १००. हा खर्च कॉलेजने उघडपणे मंजूर केलेला असावा. आणि एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात हे करूच नये, मशीनही तापतात आणि माणसंही.

राहिला विश्वासाचा प्रश्न. मी सोलापूरच्या पूर्व भागात वाढलो. आई कारखान्यातून पानं-तंबाखू आणायची, घरी विड्या वळायची आणि दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायची. गल्लीतल्या प्रत्येक घरात हेच चालायचं. एकीचं काम दुसरीवाचून अडत नसे, पण तपासणी झाल्याशिवाय एकही जुडी आत जात नसे. छाट, म्हणजे नापास विड्या, निघाली की आई दिवसभर गप्प असायची, म्हणून त्या तपासणीचं मोल मला चांगलं ठाऊक आहे. घरोघरच्या कॉम्प्युटरांवर चालणाऱ्या बऱ्याच संशोधन प्रकल्पांतही कामाचा एकच तुकडा दोघांना देतात. उत्तरं जुळली तर घेतात, नाही जुळली तर तिसऱ्याकडे पाठवतात. २०१० मध्ये अशाच एका प्रकल्पाला, 'आइन्स्टाइन अ‍ॅट होम'ला अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीच्या नोंदींत नवा पल्सार (ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी धाडणारा तारा) सापडला, तो असाच : आयोवातल्या एका जोडप्याचा कॉम्प्युटर आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाचा, दोन्हींवर तोच ठोका उमटला होता.