आईने त्याग केला नाही

परवा आईच्या शोकसभेत एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "घरादाराकडे पाठ फिरवून त्यांनी समाजसेवा केली." सगळ्यांच्या माना हलल्या. मी पुढच्याच रांगेत होते. उठून बोलावंसं फार वाटलं, पण आवाज फुटेना. म्हणून इथे लिहिते आहे.

आई 1969 साली लग्न होऊन संगमेश्वरहून गोरेगावात आली. एक खोली, आठ बिऱ्हाडांत एक नळ आणि पाणी पहाटे साडेतीनला. पाण्यासाठी लढणाऱ्या मृणालताई गोरे यांना तेव्हा 'पाणीवाली बाई' म्हणत. चाळीतल्या बायका त्यांच्या मोर्च्याला निघाल्या तशी आईही रिकामा हंडा घेऊन निघाली. "ती त्या दिवशी गेली ती गेलीच," असं आजी म्हणायची. आजीच्या तोंडी ते कौतुक नव्हतं.

1972 च्या दुष्काळात तेल, साखर, रॉकेल सगळंच आवाक्याबाहेर गेलं. मृणालताई, अहिल्याताई रांगणेकर, प्रमिलाताई दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी केली. लाटणे मोर्चा तिचाच. मी दोन वर्षांची होते, आईच्या कडेवर. मला त्यातलं काहीच आठवत नाही. आठवते ती तेव्हा लाटण्याने बडवलेली थाळी. मधोमध पोचा पडलेल्या त्या थाळीतच मी पुढे कितीतरी वर्षं जेवले. आमटी नेहमी त्या खळग्यात जमायची.

मोर्च्यांचे फोटो निघतात, पुढाऱ्यांची नावं राहतात, आणि ती राहायलाच हवीत. आज गोरेगावात मृणालताईंच्या नावाचा उड्डाणपूल आहे, त्यावरून जाताना बरं वाटतं. पण मोर्चा संपल्यावर दुसऱ्या दिवशीपासून जे काम सुरू होतं, त्याचा फोटो कोण काढणार? आईचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या दिवसात गेलं. रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचंय, विधवा बाईचं पेन्शन अडलंय, पाच-सहा झोपड्यांना मिळून एक नळजोडणी हवीय आणि गटाचा सेक्रेटरी कुणी व्हायला तयार नाही. ती सातवी शिकलेली होती. "सविनय सादर" पासून "आपली विश्वासू" पर्यंतचा मजकूर तिने ऐकून ऐकून पाठ केला होता. अर्ज लिहून झाला की दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, तारीख, सही. "पोच घेतलीस का?" हा तिचा प्रश्न निम्म्या वस्तीला पाठ होता. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समज, असं ती म्हणायची. एका कार्यालयात एका जोडणीसाठी तिने अकरा खेपा घातल्या. दर खेपेला वेगळा माणूस, वेगळी त्रुटी. बाराव्या खेपेला ती डबा घेऊन गेली आणि तिथल्याच बाकावर जेवली. जोडणी मिळाली.

आता पाठ फिरवण्याबद्दल. आमच्याकडे रात्रीचा स्वयंपाक बाबा करायचे. छापखान्यातून आले की हात घासून धुवायचे, तरी पिठल्याला शाईचा वास आहे असं मला वाटायचं. शाळेच्या बक्षीस समारंभाला बाबा आले, आई नाही. त्या दिवशी मी खूप रडले होते आणि ते दुःख खोटं नव्हतं, हे आजही म्हणते. पण बाबा तीस वर्षं ओव्हरटाइम करत होते, युनियनच्या मीटिंगांना बसत होते. त्यांनी घराकडे पाठ फिरवली असं एकदाही कुणी म्हणालं नाही. बाई उंबऱ्याबाहेर पडली की लगेच मोजमाप सुरू. मग तिला माफ करायचं तर शब्द लागतो, त्याग.

तिला मजा यायची हो! हे का नाही सांगायचं? एखाद्या गल्लीत पहिलं पाणी आलं की ती हुंदडत घरी यायची, चप्पल दारात एक इकडे एक तिकडे. 2014 च्या डिसेंबरात पाणी हक्क समितीच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला, झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाला पिण्याचं पाणी नाकारता येणार नाही, तो जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तेव्हा तिने ती बातमी मला तीनदा मोठ्याने वाचायला लावली. मग म्हणाली, "झेरॉक्स काढ. वीस काढ." गुडघे गेले होते, तरी दुसऱ्या दिवशी ती त्या वीस प्रती घेऊन टेकडी चढली. ज्या बाईने स्वतःला जाळून दुसऱ्याला उजेड दिला वगैरे म्हणतात, तशी ती नव्हती. ती पोटभर जेवायची, खळखळून हसायची आणि भांडायचीही.

शेवटच्या आठवड्यात वॉर्डातल्या मावशींची तिने चौकशी केली. त्यांच्या मुलाचं जातीचं प्रमाणपत्र रखडलं होतं. आईने मला कागद घ्यायला लावला आणि ऑक्सिजनच्या नळीतूनच मजकूर सांगितला, थांबत थांबत. "पोच घे," म्हणाली.

दहावं झाल्यावर मी तो अर्ज देऊन आले. पोच घेतली आहे. तारखेचा आकडा जरा पुसट उमटलाय. तिने शिक्का पुन्हा मारून घ्यायला लावला असता. उद्या जाते.