टोपीवाला माळढोक

निवृत्तीनंतर माणसाला एकतर गुडघेदुखी लागते, नाहीतर छंद. मला दोन्ही एकदमच लागलं. गुडघ्याला तेल मिळालं आणि छंदाला लेकाने पाठवलेली ८ बाय ४२ ची दुर्बीण. ती घेऊन मी अंगणातल्या शेवग्याखाली खुर्ची टाकली आणि आठवड्याभरात समोरच्या बिऱ्हाडाने खिडक्यांना पडदे लावले.

मग म्हटलं, गल्लीत बदनाम होण्यापेक्षा माळावर जावं. नान्नजचं माळढोक अभयारण्य घरापासून वीसेक किलोमीटर, बार्शी रस्त्याला. १९७९ सालचं. जन्म सोलापुरात गेला, पण माळढोक काही बघितला नव्हता. साडूंना पहाटे गाडीत घातलं. अभयारण्य म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर धबधबे आणि वाघ. उजाडल्यावर त्यांनी चौफेर बघितलं आणि विचारलं, "जंगल कुठाय ओ?"

आता काय सांगायचं! हा गवताचा माळ हेच जंगल. माळढोकाला झाडी नकोच असते. मादी उघड्या जमिनीवर एकच अंडं घालते. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, पण डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. उडताना समोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही आणि एवढं धूड तारेवर आपटून मरतं. देशात आता दीडशेच्या आसपास उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. हे सगळं मी कुजबुजत सांगत होतो आणि साडू शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत होते. कडक भाकरी मोडल्याचा आवाज शांत माळावर किती लांब जातो, हे त्या दिवशी कळलं. तीन तितर तिथल्या तिथे उडाले.

आणि तेवढ्यात तो दिसला. ज्वारीच्या बांधाशी, गवतात. मान पांढरीशुभ्र, डोक्यावर काळी टोपी. पुस्तकात नराची हीच खूण दिली आहे.

"बसलाय," मी म्हणालो. आवाज फुटत नव्हता.

"अंड्यावर का?"

"नर नाही बसत ओ अंड्यावर. गप बसा."

थरथरत्या हाताने दुर्बिणीचं चाक फिरवलं. पांढरी मान स्पष्ट झाली. तिला कॉलर होती. मग मिशा आल्या. मग शेजारचं टमरेल.

दुर्बिणीत आपण ज्याला बघतो तो आपल्यालाही बघत असतो, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"काय बघायलाव ओ, दुर्बीण लावून?"

"काही नाही, पक्षी…"

"पक्षी असा बसतोय व्हय?"

साडू भाकरी टाकून गाडीमागे जाऊन हसत होते. काळविटं दिसली ती परतताना, दुर्बीण डिकीत असताना. पुढे पिळाच्या शिंगांचा काळा नर, मागे दहा-बारा माद्या, रस्ता ओलांडून ज्वारीत. साडूंनी मोबाईल काढेपर्यंत नुसती कणसं हलत होती. घरी पोचायच्या आत टोपीवाल्या माळढोकाची बातमी मात्र सासुरवाडीपर्यंत पोचली होती.

आमच्या हिला दुर्बीण लागत नाही. भाकरी थापता थापता मान वर न करता म्हणते, "मुंगूस गेलं." मी धावत बाहेर जातो तेव्हा शेपटीसुद्धा नसते. भारद्वाज दिसणं शुभ म्हणतात; तो तिला दोन दिवसाआड दिसतो.

मार्चमध्ये आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर शिंजिराने घरटं टांगलं. कोळिष्टकं, वाळकी पानं आणि आमच्याच विजेच्या बिलाचा एक तुकडा. दाराच्या वर चिमुकली पडवीसुद्धा. हिने हुकूम काढला, पिल्लं उडेपर्यंत तारेवर कपडा पडणार नाही. तेव्हापासून धुतलेल्या चादरी गच्चीवर न्यायचं काम माझ्याकडे. सोलापुरी चादर ओली झाली की काय वजनाची होते, हे गुडघ्यांना विचारा.

एका संध्याकाळी मी कौतुकाने वाचून दाखवलं, "घरटं मादी एकटीच बांधते. अंडीही तीच उबवते. नर जवळपास बसून गातो." हिने हातातली बादली खाली ठेवली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. दुसऱ्या दिवसापासून बादलीही माझ्याकडे.

तरी पिल्लं उडताना बघायचीच, असं मी ठरवलं होतं. दोन चोची दारातून डोकावायला लागल्यावर सलग तीन दिवस शेवग्याखाली ठाण मांडलं. चहा तिथे, पेपर तिथे. चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू निम्मं बाहेर आलं. मी श्वास रोखला. दुर्बीण स्थिर.

आणि गल्लीत ओरड झाली, "पाणी आलं ओ, पाणी!"

चार दिवसांनी आलेलं पाणी. मोटर लावली, दोन्ही बॅरल भरले, हंडे, कळशी, होती नव्हती ती पातेली भरली. भिजल्या पायजम्याने अंगणात आलो, तर ही तारेवर चादर टाकत होती.

"अगं, घरटं!"

"उडाली की ओ पिल्लं. मघाशीच. दोन्ही माझ्या समोरून गेली." तिने चादरीला चिमटा लावला. "मोटर बंद केलाव का?"