एसआर-22 संपलं म्हणून लगेच पॉलिसी बंद करू नका, तो मेसेज चुकीचा आहे

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या आपल्या लोकांमध्ये सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणे एसआर-22 ची (लायसन्स सस्पेंड झाल्यावर इन्शुरन्स असल्याचं जे सर्टिफिकेट द्यावं लागतं त्याची) तीन वर्षं संपली की रेकॉर्ड कोरं होतं, प्रीमियम आपोआप उतरतो, म्हणून त्याच दिवशी जुनी पॉलिसी बंद करा, मग निवांत स्वस्तातली शोधा आणि नव्या कंपनीला मागचं काही सांगू नका. मला हे वाचून राहवलं नाही, कारण माझ्या चुलतभावाचं सगळं मी जवळून बघितलंय.

काका आजारी म्हणून तो दोन महिने पुण्याला गेला होता, इकडे कार्ड एक्स्पायर झालं, ऑटोपे अडकलं, पॉलिसी बंद पडली आणि त्याला पत्ताच नाही. परत आल्यावर आठवड्याभरात सिग्नलला पुढच्या गाडीला धडकला. कोणाला लागलं नाही, पण विना इन्शुरन्स अपघात म्हणून लायसन्स सस्पेंड. एक वर्ष गाडी बंद, आणि नंतर लायसन्स परत हवं तर तीन वर्षं एसआर-22.

आता पहिला मुद्दा, रेकॉर्ड कोरं होण्याचा. एसआर-22 हा मुळात इन्शुरन्स नाहीच, "या माणसाकडे पॉलिसी आहे" असं तुमच्या कंपनीने डीएमव्हीला, म्हणजे लायसन्स आणि गाड्यांचं रजिस्ट्रेशन बघणाऱ्या सरकारी खात्याला, दिलेलं सर्टिफिकेट आहे ते. ते संपलं म्हणजे फक्त तो कागद संपला, ज्या कारणाने तो लागला ते कारण आपल्या मुदतीने जातं. दारू पिऊन चालवल्याची, म्हणजे डीयूआयची, केस असेल तर कॅलिफोर्नियात ती रेकॉर्डवर 10 वर्षं राहते आणि तोवर गुड ड्रायव्हर डिस्काउंट नाही. हा डिस्काउंट किमान 20 टक्के असतो, 1988 च्या प्रॉप 103 या मतदारांनी मंजूर केलेल्या कायद्यापासून, त्यामुळे फरक मोठा पडतो. भावाचं डीयूआय नव्हतं, अपघाताचा एकच पॉइंट (चुकीबद्दल ड्रायव्हिंग रेकॉर्डवर पडणारा गुण) होता आणि तोही तीन वर्षांपेक्षा जुना झाला होता, म्हणून त्याला डिस्काउंट मिळू शकला. तेव्हा तुमचं एसआर-22 कशामुळे लागलं होतं ते आधी बघा, सगळ्यांना एकच सल्ला लागू होत नाही.

प्रीमियम आपोआप उतरतो हेही खरं नाही. फायलिंगची फी साधारण 25 डॉलरच्या आसपास, ती कधीच भरून झालेली असते, महाग असतं ते तुमचं रेकॉर्ड. आणि बहुतेक पॉलिसी सहा महिन्यांच्या, त्यामुळे रिन्यूअलच्या वेळी तुम्ही स्वतः फोन करून "एसआर-22 काढा आणि रेट परत काढून द्या" म्हटलं नाही तर जुनाच आकडा पुढे चालू राहू शकतो.

आणि सगळ्यात घातक म्हणजे आधी बंद करा मग शोधा. अहो, तारीख दोन दिवसांनी जरी चुकली तरी कंपनी डीएमव्हीला एसआर-26, म्हणजे पॉलिसी बंद झाल्याची नोटीस, पाठवते, लायसन्स पुन्हा सस्पेंड! मुदत नक्की कधी संपते हे डीएमव्हीलाच विचारा, एजंटच्या अंदाजावर जाऊ नका. मुदत खरंच संपली असली तरी खंड पडू देऊ नका, 45 दिवसांत दुसऱ्या पॉलिसीचा पुरावा गेला नाही तर गाडीचं रजिस्ट्रेशन सस्पेंड होऊ शकतं.

लपवायचं तर मनातही आणू नका. नवीन कंपनी डीएमव्हीचं रेकॉर्ड मागवतेच. खोटं निघालं तर ती पॉलिसीच रद्द करू शकते, आणि ते नेमकं क्लेमच्या वेळी कळलं तर खर्च कोण भरणार?

काही जण क्रेडिट स्कोअर सुधारा म्हणतात, तो सल्ला टेक्ससवाल्यांना ठीक आहे, कॅलिफोर्नियात गाडीच्या इन्शुरन्सला क्रेडिट स्कोअर वापरायला बंदी आहे. कमीत कमी कव्हर घेऊन पैसे वाचवायचे तर तेही जरा विचार करून, 1 जानेवारी 2025 पासून मिनिमम 30/60/15 झालंय, म्हणजे एका जखमीसाठी 30 हजार, सगळ्या जखमींसाठी मिळून 60 हजार आणि समोरच्याच्या गाडीचं नुकसान फक्त 15 हजार डॉलरपर्यंत, आणि बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) रस्त्यावर कसल्या महागड्या गाड्या असतात ते तुम्हाला माहितीये.

आम्ही काय केलं सांगते. मुदत संपायच्या महिनाभर आधी डायनिंग टेबलवर जुन्या पॉलिसीचं डिक्लेरेशन पेज (कव्हरचा तपशील असलेलं पान) ठेवलं आणि तेच लिमिट, तेच डिडक्टिबल (क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम) सांगून पाच ठिकाणी कोट घेतले, त्यातले दोन अनेक कंपन्यांचं काम करणाऱ्या ब्रोकरकडून. त्यातला स्वस्त निवडला. डीएमव्हीकडून मुदत संपल्याची खात्री झाल्यावर नवीन पॉलिसी जुनी संपते त्याच तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर लगेच 12:01 ला सुरू होईल अशी घेतली, तिचा कागद हातात आला आणि मगच जुन्या कंपनीला फोन केला.